तिसगावचा न पडलेला पाऊस

पुण्यात वाकडेवाडीहून नगरची गाडी दोनला सुटते असं फलकावर लिहिलं होतं. ती पावणेतीनला सुटली. मी हवामानाचा अंदाज देणाऱ्या कार्यालयात काम करते, त्यामुळे वेळ चुकली की लोक माझ्याकडे बघून हसतात. त्या दिवशी मी कंडक्टरकडे बघून हसले. त्याला ते आवडलं नाही.

पिशवीत दोन दिवसांचे कपडे, मोजपट्टी, बॅटरी आणि एक अहवाल होता. अहवाल जवळजवळ लिहून झाला होता.

पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाहेर एका वस्तीवर आमचा साधा पर्जन्यमापक आहे. जमिनीत घट्ट बसवलेलं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि आकडा पुण्याला कळवायचा, एवढंच काम. ते शकूर शेख नावाचे गृहस्थ तीस वर्षं करत होते. गावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांना नवी तार भरून द्यायचं काम.

गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांचे आकडे बिघडले होते. आकाश निरभ्र, उपग्रहाच्या चित्रात ढगाचा ठिपका नाही, जवळचं स्वयंचलित यंत्र कोरडं ठणठणीत, आणि शकूर शेख कळवणार, एक मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी दीड. बरं, हा पाऊस वार पाळायचा. तीन-चार दिवस पडायचा, तीन-चार दिवस थांबायचा, पुन्हा पडायचा. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत वार पाळणारा पाऊस मी पाहिलेला नाही. वार माणसं पाळतात.

माणूस घरात बसून आकडे रचतो असं ठरलं, तर दोन हिवाळ्यांवर काट मारून भागत नाही. आज रचतो तो पूर्वी रचत नसेल कशावरून? मग तीसही वर्षं बाद. त्या कोरड्या पट्ट्यातली, एकाच हातची, इतकी लांब नोंद आमच्याकडे दुसरी नव्हती. ती पुसायची, केंद्र बंद करायचं आणि शेखांचं नाव यादीतून काढायचं, अशी माझी शिफारस होती. सही तेवढी राहिली होती. तीस वर्षं पुसायची तर स्वतः बघून पुसावीत, म्हणून निघाले. कळवून गेलं की लोक झाडूनपुसून ठेवतात, म्हणून कळवलं कुणालाच नव्हतं.

रात्रीचा मुक्काम नगरला, सावेडीत, माझ्या मावसबहिणीकडे. नलूने शेंगोळे केले होते (हुलग्याच्या पिठाची कडबोळी, लसणाच्या रश्शात शिजवलेली). हिवाळ्यात नगरला जाऊन ते खाल्ले नाहीत तर गेल्याचं कुणी खरं मानत नाही.

"कपभर पाण्यासाठी एवढी पुण्याहून आलीस?" नलू म्हणाली.

"कपभर नाही. चार-पाच चमचे."

"आणि त्या बाबाला त्यात काय मिळतं खोटं लिहून?"

हा प्रश्न मला दोन महिने पडला होता. मानधन किरकोळ, आणि ते पाऊस पडो न पडो तेवढंच. "सवय," मी म्हटलं. "रोज शून्य लिहायचा माणसाला कंटाळा येतो."

"मग तू कशाला येतेस? तुलाही कंटाळा आला असेल."

मी आणखी एक शेंगोळं वाढून घेतलं.

सकाळी माळीवाड्याहून पहिली पाथर्डी गाडी धरली. मला साडेआठच्या आत पोहोचायचं होतं, बाटली उघडताना बघायला. शेजारच्या सीटवर डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई होत्या.

"कुटं निघाल्या ताई?"

"तिसगावला."

"कुनाकडं?"

"कामाला."

त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारी मोजपट्टी पाहिली. "जमिनीची मोजनी हाय का? कुनाची?"

"नाही, पावसाचं काम आहे."

"आता? पौषात?" असं म्हणून त्यांनी आपली पिशवी पायाशी होती ती मांडीवर घेतली.

करंजीच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला होता. मागच्या ट्रॉलीचं चाक निखळलेलं, मोळ्या रस्ताभर. लोक उतरले आणि ज्याला जमेल तसा त्याने ऊस मोडून घेतला. मी घड्याळ बघत उभी राहिले. अर्धा तास तिथेच गेला. घाट उतरल्यावर मात्र हवा स्वच्छ होती. दोन्ही बाजूंना उघडे, तपकिरी डोंगर, ज्वारीची कणसं भरत आलेली, तूर काढून रिकामी झालेली रानं, मध्येच कांद्याचे हिरवे तुकडे. पूर्वेचा हलका वारा. ढग एकही नाही. मी मुद्दाम चारी दिशांना पाहिलं आणि वहीत तसं टिपून ठेवलं.

तिसगावच्या फाट्यावर रिक्षा केली. वस्तीचं नाव सांगताच रिक्षावाला म्हणाला, "पावसाच्या डब्याला का? शकूरचाचाकडं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वस्तीवर दुसरं हाय काय बगन्यासारखं?"

मला ते उत्तर पटलं नाही. कार्यालयातून कुणीतरी फोन केला असणार, असं मी मनात धरलं. आठ वाजून वीस मिनिटांनी रिक्षा थांबली, आणि माझा संशय पक्का झाला. तारेच्या कुंपणाशी, फाटकाला हात लावून, पांढऱ्या दाढीचे एक सडपातळ गृहस्थ उभे होते. हातात मोजपात्र. कान झाकलेली टोपी.

मी कार्यालयाचं नाव सांगितलं.

"या मॅडम," ते म्हणाले. "लई उशीर केलात."

"अजून दहा मिनिटं आहेत."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेआठ वाजेपर्यंत फाटक उघडलं नाही. मी म्हटलं, उघडा आता, दोन मिनिटांनी काय होतंय. ते म्हणाले, "साडेआठ म्हंजे साडेआठ. तुमचाच नियम."

साडेआठला कुलूप उघडलं. नरसाळं काढलं, बाटली वर घेतली. मी ती त्यांच्या हातातून घेतली. बाटलीत पाणी होतं. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून मी स्वतः वाचलं, एक पूर्णांक दोन. आकाशात ढगाचा पत्ता नाही आणि माझ्या हातात एक पूर्णांक दोन मिलिमीटर पाऊस.

मी खाली बसले आणि माती बोटाने चाचपली. नळकांड्याच्या पश्चिमेला धूळ. पूर्वेला चिखल. कुंपणाच्या पूर्वेकडे, आठ-दहा पावलांवर कांद्याचं रान होतं, पातींवर थेंब चमकत होते. वाफ्यांमधून काळे चपटे पाईप अंथरलेले. रेनपाईप (बारीक छिद्रांचा पाईप, पाणी सोडलं की त्यातून दोन्ही बाजूंना कारंजी उडतात). पूर्वेचा वारा, पहाटेचं कारंजं, पश्चिमेला आमचं नरसाळं. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं.

म्हणजे पाणी खरं होतं. आता दुसरा प्रश्न होता आणि तो जास्त वाईट होता. रोज इथे उभं राहणाऱ्या माणसाला हे दिसत नव्हतं का? दिसत असून दोन वर्षं गप्प का बसला?

तेवढ्यात तोंडात ब्रश घेऊन रानाचे मालक आले. बाळासाहेब, चाळिशीचे, अंगात स्वेटर.

"काय चाचा, आली का तुमची सरकारी पाहुनी?" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, मला फाशी देऊ नका. मोटारीला ऑटो बसवलाय. लाईट आली की आपोआप चालू. मी घरात झोपल्याला असतो."

"मोटार कुणी भरून दिली?" मी विचारलं.

त्यांनी ब्रशने शकूरभाईंकडे दाखवलं. "ह्यांनीच की."

"जळाली की भरून देनं माझा धंदा हाय," शकूरभाई म्हणाले. "पानी कुटं उडवायचं ते तुज्या हातात. किती येळा सांगितलं, कडंचा पाईप बंद कर."

"कडंचा बंद केला तर कडंचा कांदा काय हवा खाईल?"

दोघे एकमेकांना ओळखून होते, एवढं दिसलं. ओळखून असणं आणि मिळून असणं यात फार अंतर नसतं. मी तेही टिपलं.

शकूरभाईंच्या घरी चहा झाला. पत्र्याचं नीटनेटकं घर, ओट्यावर उघडी मोटार, तांब्याच्या तारेची रिळं. त्यांच्या पत्नी हमीदाबींनी विचारलंच नाही; बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी आणि कांद्याची पात समोर ठेवली.

"ह्यो मानूस तीस वर्सं त्या बाटलीकडं बगतोय," त्या म्हणाल्या. "माज्या भनीच्या लग्नाला साडेआठ वाजून गेल्याबिगर निगाला न्हाई. नवरदेव आला, ह्यो न्हाई."

"त्या दिवशी शून्य हुतं," शकूरभाई म्हणाले.

"तेच म्हनते. शून्यासाठी!"

मी हसले नाही. जेवणाआधी वही मागितली.

रेक्झिनच्या पाठीची लांब वही. तारीख, वेळ, पाणी, शेरा, असे चार रकाने पट्टीने आखलेले. पाण्याचे आकडे आमच्याकडे आलेल्या आकड्यांशी जुळत होते. आणि शेऱ्याच्या रकान्यात, गेल्या हिवाळ्यापासून, प्रत्येक खोट्या पावसाच्या दिवशी लिहिलं होतं, "रेनपाईप." पुढे, "रेनपाईप. पूर्वेचा वारा." पुढे, "रेनपाईप. बाळासाहेबास सांगितले. ऐकत नाही." आणि एका ओळीत, खाली दोन रेघा मारून, "जागा हलवायला पाहिजे. साहेबांनी येऊन पाहावे."

लई उशीर केलात, हे ते कशाबद्दल म्हणाले होते ते आता कळलं. पण माझं मन लगेच त्यावर बसलं नाही. मी मनात म्हटलं, हे सगळं काल रात्री लिहिलं नसेल कशावरून?

म्हणून मी पानं उजेडाकडे धरली. शाई कुठे निळी, कुठे काळी, एका आठवड्यात हिरवी. आकडा आणि शेरा एकाच पेनाचे. चहाचा डाग शेऱ्यावरून गेलेला. हे सगळं बरं होतं, पण हुशार माणूस चार पेनं वापरू शकतो आणि चहाही सांडू शकतो. शकूरभाई समोर बसून माझी तपासणी पाहत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. जळालेली मोटार उघडल्यावर ते स्वतः असेच बघत असतील.

"पानांचे फोटो काढते," मी म्हटलं.

"काडा. सगळी काडा."

"शेतीची रात्रीची लाईट कुठल्या दिवशी असते?"

"आठवड्यातनं काई दिवस दिवसा, काई दिवस रात्री. पाळी बदलत असती. सबस्टेशनात लिवून ठेवत्यात."

इथे वारांचं कोडं सुटलं. पावसाचे वार विजेच्या पाळीचे वार होते. पण हे कोडं कागदावर सुटून भागत नाही. मी तशीच उठले आणि बाळासाहेबांच्या मोटरसायकलवर मागे बसून सबस्टेशन गाठलं.

तिथल्या ऑपरेटरने मला खुर्ची देण्याआधी ओळखपत्र मागितलं. ते उलटंसुलटं पाहिलं.

"हवामान खात्याला लाईटच्या पाळ्या कशाला?"

"पावसाशी जुळवून बघायच्यात."

"आमच्यामुळं पाऊस पडत न्हाई असं लिवनार का?"

"उलट. तुमच्यामुळे पडतो असं लिहिणार आहे."

त्याने बाळासाहेबांकडे पाहिलं. बाळासाहेबांनी खांदे उडवले. मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याला गंमत वाटली असावी, कारण त्याने स्वतःच जुन्या नोंदवह्या काढल्या. मी वहीतल्या तारखा वाचायच्या, त्याने पाळी सांगायची.

"रात्र."

"पुढची?"

"रात्र."

"पुढची?"

"रात्रच की."

अशा कितीतरी जुळल्या. मग एक तारीख आली, आकडा होता अर्धा मिलिमीटर, आणि ऑपरेटर म्हणाला, "दिवस. ह्या रात्री लाईट न्हाईच. पार बंद हुती."

"नक्की?"

"माझीच सही हाय."

सापडला, मी मनात म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोन महिने ज्याच्या मागे होते ते हाताशी आलं होतं. रेनपाईप चालूच नव्हता, तर शेऱ्यात रेनपाईप आला कुठून? मी फोनवरचा फोटो मोठा करून त्या दिवशीची ओळ शोधली. अक्षर इतर दिवसांपेक्षा बारीक होतं.

"आज रेनपाईप नाही. पाणी कशाचे ते कळत नाही."

मी ती ओळ दोनदा वाचली आणि फोन बंद केला. खोटं लिहिणाऱ्याला सगळं कळत असतं. त्याच्या वहीत प्रत्येक थेंबाला कारण असतं. मागाहून शेरे भरणाऱ्या माणसाने इथेही रेनपाईपच लिहिला असता. त्याला विजेची नोंदवही बघायचं सुचलं नसतं आणि अडाणीपण कबूल करायची गरजही पडली नसती. माझ्या हाताखालच्या शिकलेल्या मुलांकडून "कळत नाही" हे दोन शब्द लिहून घ्यायला मला वर्षं लागतात.

(ते पाणी बहुधा दवाचं. त्या पहाटे हवा ओली होती, हे मी नंतर पाहिलं. बहुधा. मलाही कळत नाही.)

परतीच्या वाटेवर बाळासाहेब कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होते. मी ऐकत नव्हते. वहीतला शेऱ्याचा रकाना आमच्याकडे का आला नाही, ते मला माहीत होतं. सकाळी वही उघडली तेव्हाच माहीत होतं. फक्त ते मनात येऊ दिलं नव्हतं.

पूर्वी निरीक्षक महिन्याचा कागद टपालाने पाठवत. त्यात शेरा असायचा. मग मोबाईलवरून आकडे घ्यायचं ठरलं, तेव्हा नवा तक्ता बसवणाऱ्या समितीत मी होते. शेरा काढून टाकावा, हे मीच सुचवलं. लोक त्यात वाट्टेल ते लिहितात, पाहुणे आले म्हणून उशीर झाला, शेळीने कुंपण तोडलं, असं मी बैठकीत वाचून दाखवलं होतं. सगळे हसले होते. रकाना गेला. त्याच सुमारास वर्षातून एकदा वह्या तपासायला माणूस जायचा, तोही बंद झाला.

शकूरभाई ओट्यावर मोटारीत तार भरत बसले होते. मी समोर बसले.

"शकूरभाई, मी तुम्हाला खोटं ठरवायला आले होते."

"तुमी माती चाचपली तवाच कळलं," ते म्हणाले. हात थांबले नाहीत. "मंग? ठरलो का?"

"नाही. पण दुसरं एक सांगायचंय. हे शेरे आमच्यापर्यंत आलेच नाहीत. मोबाईलमध्ये ती जागाच नाही."

"जागा न्हाई ते ठावं हाय. पन वही कुनी तरी बगत असंल ना? पूर्वी यायचे, बगायचे. मला वाटलं, मागनं एकदम वाचत असतील. वजा करत असतील."

"नाही. कुणी वाचत नव्हतं."

आता हात थांबले.

"दोन वर्सं?"

"मोबाईल आल्यापासून. दोन वर्षांपेक्षा जास्त."

"मंग मी सांगत कुनाला हुतो?"

आतून हमीदाबींचा आवाज आला. "मला! रोज मला सांगत हुता. आज रेनपाईप, आज पूर्वेचा वारा. डोस्कं खाल्लं माजं."

ते हसले नाहीत. मीही नाही. तो रकाना काढायचं मीच सुचवलं होतं, हेही मी सांगितलं. सांगितलं नसतं तर चाललं असतं. त्यांना ते कधीच कळलं नसतं. त्यांनी तार दाताने तोडली.

"का काडला?"

"लोक वाट्टेल ते लिहितात, म्हणून."

"लिवत्यात खरं," ते जरा विचार करून म्हणाले. "पन त्यातच असतं की समदं."

मग आम्ही दोघांनी मोजपट्टी घेऊन नवी जागा पाहिली. घराच्या पश्चिमेला, रानापासून लांब, झाडाची अडचण नाही. त्यांनी चार खुंट्या ठोकल्या. डबा हलवायचा हुकूम येईपर्यंत जुन्याच जागी मोजायचं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "हुकमाबिगर कुटं हलवतोय?" त्या दिवशीच्या ओळीत, एक पूर्णांक दोनच्या पुढे, त्यांनी "रेनपाईप" लिहिलं आणि माझी सही मागितली. मी केली.

पुण्याला आल्यावर जुना अहवाल फाडला. नवा दीड पानाचा झाला. दोन हिवाळ्यांचे तेवढे आकडे निरीक्षकाच्याच शेऱ्यांनुसार वगळावेत, तीस वर्षांची नोंद कायम ठेवावी, पर्जन्यमापक हलवावा, शेरा परत आणावा. शेवटी एक वाक्य होतं, की तो रकाना माझ्या सूचनेवरून काढला गेला होता.

आमच्या साहेबांनी त्या वाक्यावर पेन्सिलीने गोल केला. "हे हवंच का?"

"हवं."

"आणि हा माणूस खरं बोलतो याचा पुरावा काय?"

मी पेनांचे रंग, चहाचा डाग, सबस्टेशनची नोंदवही, सगळं सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं की त्या एका माणसाला तपासायला मी एवढ्या वाटांनी गेले, आणि आमचा तक्ता तपासायला एकाही वाटेने गेले नव्हते. संशय घेणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे आणि तो मी सोडणार नाही. फक्त तो नेहमी बसने दूर जायचा, एवढं मला यापूर्वी दिसलं नव्हतं.

मागच्या वर्षी अशाच आकड्यांवरून मी आणखी तीन केंद्रं बाद केली होती. टेबलावर बसून; त्यांतल्या एकाही ठिकाणी गेले नव्हते. तिथल्या तिघा निरीक्षकांना पत्रं पाठवली. दोघांकडून अजून काही नाही. तिसऱ्यांच्या घरून काल फोन आला. बाईंचा आवाज होता, थोडा रागावलेला. यजमानांनी काम सोडून वर्ष झालं, वही आहे, पण आता तुम्हाला ती कशाला पाहिजे?

मी म्हटलं, वाचायला.